मत-विश्लेषण : धने-आल्याची ‘हर्बल’ बिअर ही बिअरच, काढा नव्हे!

हॉप्सच्या जोडीला धने, आलं आणि गवती चहा घातलेली पेल एल चवीला कशी लागते? बिअरमध्ये मसाला म्हणजे भेसळ का? आणि ‘हर्बल’ या एका शब्दानं नेमकी फसगत कुठे होते? एका ग्लासच्या निमित्तानं समजून घेऊ या.

काय घडलं?

मिरजेहून मामा तपासणीसाठी पुण्याला आले होते. वय एकसष्ट, आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या सुरू. डॉक्टरांनी सांगितल्यापासून दोन वर्षं त्यांनी व्हिस्कीला हात लावलेला नाही. रिपोर्ट बरे आले, म्हणून शनिवारी दुपारी त्यांना एका टॅपरूममध्ये घेऊन गेलो. पुण्यात २००९मध्ये डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होतो. आता शहरात जागेवर बनवलेली ताजी बिअर मिळणं नवलाचं राहिलेलं नाही. मामांना मात्र ते नवीन होतं.

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘हर्बल पेल एल. आलं, गवती चहा, धने. पचनाला हलकी.’

मामांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. ‘‘अरे, हे चालेल की मला. हा तर काढाच आहे!’’

मी हसलो आणि दोन मोठे ग्लास सांगितले. तिथे हसायला नको होतं, हे मला रात्री दीड वाजता कळलं. घामाघूम होऊन मामा उठले, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर आकडा ६१. साखर ७०च्या खाली गेली की ती कमी समजतात. पाण्यात साखर घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मामा जेवलेही कमी होते, त्यामुळे सगळा दोष एका ग्लासवर टाकणार नाही. पण तो ग्लास त्यांनी ‘काढा’ समजून घेतला होता, आणि मी ते ऐकून गप्प बसलो होतो.

म्हणून हा लेख. आधी चवीबद्दल बोलू, कारण बिअर खरोखर चांगली होती.

चव कशी होती?

रंग फिकट सोनेरी, थोडा गढूळ. वर दोन बोटं पांढरा फेस. ग्लास नाकाशी नेला तेव्हा पहिला वास आला तो संत्र्याच्या सालीचा. गंमत म्हणजे फळ्यावर संत्र्याचं नावही नव्हतं. तो वास धन्यांचा आणि हॉप्सचा मिळून होता; तसं का, ते पुढे येईल. त्यामागे पावसाळ्यात घरी चहाच्या आधणात टाकतात त्या गवती चहाचा हिरवा वास होता.

पहिला घोट घेतल्यावर आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी माल्टची हलकी गोडी लागली. मग हॉप्सचा कडवटपणा आला. मेथीच्या भाजीसारखा मागे रेंगाळणारा नव्हे, द्राक्षफळाच्या सालीसारखा स्वच्छ. घोट गिळल्यावर घशाशी आल्याचा हलका झणका लागला.

बिअर थंडगार होती तोवर मसाले जवळजवळ लपले होते. दहा मिनिटांनी ग्लास जरा कोमट झाला, तशी धन्यांची चव पुढे आली आणि गवती चहा जरा जास्तच झाला. शेवटच्या चार घोटांत भांडी घासायच्या लिंबू-साबणाची आठवण येऊ लागली. मामांना तेही आवडलं. माझ्या मते गवती चहा निम्मा असता तर ही बिअर उत्तम झाली असती.

पेल एल म्हणजे नेमकं काय?

बिअरची ढोबळ दोन घराणी आहेत, लागर आणि एल. लागर थंड तापमानात, सावकाश आंबवतात. आपल्याकडे बाटलीत मिळणारी बहुतेक नेहमीची बिअर या घराण्यातली. एल तुलनेनं उबदार तापमानात आंबते, त्यामुळे यीस्ट फळांसारखे वास तयार करतं.

‘पेल’ म्हणजे फिकट. पूर्वी इंग्लंडमध्ये बार्लीचं माल्ट लाकडाच्या आचेवर वाळवत. ते करपायचं, धुरकट व्हायचं आणि बिअर तपकिरी व्हायची. सतराव्या शतकात कोक हे इंधन माल्ट वाळवायला वापरलं जाऊ लागलं. त्याची आच सांभाळता येत होती आणि धूर कमी होता. माल्ट फिकट राहिलं, बिअरही फिकट झाली.

याच घराण्यातली इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडन आणि बर्टनहून जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला यायची. गिऱ्हाईक अर्थातच इथले इंग्रज. हॉप्सचं प्रमाण जास्त असलं की लांबच्या उष्ण प्रवासात बिअर आंबट होण्याचा धोका कमी व्हायचा.

आजच्या क्राफ्ट पेल एलची ओळख घडवली ती अमेरिकेनं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीनं १९८०मध्ये पहिल्यांदा बनवलेली पेल एल ही त्या चळवळीची खूणगाठ मानली जाते. कॅस्केड जातीच्या हॉप्सचा द्राक्षफळासारखा वास हे तिचं वैशिष्ट्य. या शैलीत साधारण ४.५ ते ६ टक्के अल्कोहोल असतं. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

बिअरमध्ये मसाला म्हणजे भेसळ का?

अनेक जण असं मानतात. बिअर म्हणजे पाणी, बार्ली आणि हॉप्स, बाकी सगळी थेरं, असं त्यांचं म्हणणं. या मताला आधार दिला जातो तो बव्हेरियाच्या १५१६च्या ‘शुद्धता कायद्या’चा. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथे तिथल्या ड्यूकनी बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी वापरण्याचा हुकूम काढला.

पण त्याच हुकमात बिअरचे दरही ठरवून दिले होते. गहू पाववाल्यांसाठी राखून ठेवणं हाही त्यामागचा एक हेतू मानला जातो. म्हणजे त्यात चवीइतकंच बाजाराचं राजकारण होतं. आणि यीस्टचा तर त्यात उल्लेखच नाही. आंबवण्याचं काम एक सूक्ष्मजीव करतो हे तेव्हा ठाऊकच नव्हतं.

त्याआधी युरोपात शेकडो वर्षं बिअर बनत होती ती ‘ग्रुट’ नावाच्या वनस्पतींच्या मिश्रणावर. त्यात यारो, बॉग मर्टल अशा रानटी झाडपाल्याचा समावेश असे. हे मिश्रण विकण्याचा हक्क अनेक ठिकाणी चर्चकडे किंवा सरदारांकडे असे आणि त्यातून त्यांना महसूल मिळे. हॉप्स जिंकले ते मुख्यतः टिकाऊपणामुळे. त्यातले कडू घटक बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात. हॉप्समुळे पेय टिकतं, असं बाराव्या शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन साध्वीनं लिहून ठेवलं होतं.

हॉप्स आल्यावरही मसाला संपला नाही. फिनलंडच्या ‘साहती’ बिअरमध्ये जुनिपर असतो. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते. ती शैली तर जवळजवळ मेली होती. हूगार्डन गावातली शेवटची अशी ब्रुअरी १९५०च्या दशकात बंद पडली. त्याच गावात दूध घालणाऱ्या पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती बिअर पुन्हा बनवायला घेतली आणि ती जगभर पोचली. आज मुंबई-पुण्यात हूगार्डन मागवणारा माणूस धने घातलेलीच बिअर पीत असतो.

तेव्हा ‘बिअरमध्ये धने? काहीतरीच!’ असं म्हणणाऱ्यांना इतिहास साथ देत नाही. मसाला बिअरमध्ये नंतर घुसलेला नाही; हॉप्सच्या आधीपासून तो तिथे आहे.

धने आणि हॉप्स यांचं नातं काय?

मी केमिकल इंजिनीअरिंग केलं आणि नोकरी पत्रकारितेत धरली, यावर घरी अजून चर्चा होते. ती पदवी कामी आली ती इथे.

धन्यांच्या तेलात सर्वांत मोठा वाटा असतो लिनालूल या रेणूचा. साधारण निम्म्याहून जास्त. हाच लिनालूल हॉप्सच्या सुगंधातही महत्त्वाचा असतो. म्हणजे धने बिअरमध्ये पाहुणे म्हणून येत नाहीत, ते भावकीतलेच आहेत. धन्यांत थोडा जिरॅनिऑलही असतो. आंबताना यीस्ट त्याचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं आणि त्याचा वास लिंबाकडे झुकतो. फळ्यावर नसलेलं संत्रं माझ्या नाकाला सापडलं ते यामुळे.

कोथिंबिरीचं तसं नाही. झाड एकच, पण पानांचा वास वेगळ्या रेणूंचा, अल्डिहाइड गटातला. अनेकांना तो साबणासारखा लागतो. म्हणून बिअरमध्ये धने चालतात, कोथिंबीर सहसा नाही.

गवती चहाचा वास सिट्रालचा. आंबवण्याआधी तो घातला तर यीस्ट सिट्रालचंही रूप बदलतं आणि वास मवाळ होतो. आंबवल्यानंतर घातला तर तो तसाच राहतो आणि सहज जास्त होतो. माझ्या ग्लासात बहुधा तेच झालं होतं.

आल्याचं प्रकरण चवीचं नाहीच. त्याचा झणका जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींना नव्हे, तर उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या नसांना जाणवतो. बिअरमधल्या गॅसची झिणझिणही याच वाटेनं मेंदूकडे जाते. त्यामुळे फसफसणाऱ्या बिअरमध्ये थोडं आलंही पुरेसं होतं. आल्याऐवजी सुंठ घातली तर तिखटपणा आणखी वाढतो, कारण आलं वाळताना जिंजेरॉलचा काही भाग जास्त तिखट अशा शोगाऑलमध्ये बदलतो.

मसाला कधी आणि किती घालतात?

घरच्या स्वयंपाकाशी तुलना करून बघा. फोडणीत मसाला तेलात पडतो आणि तेल त्याचा वास धरून ठेवतं. गरम मसाला मात्र शेवटी घालतात, नाहीतर वास उडून जातो. बिअरमध्ये तेल चालत नाही, तेलकटपणानं फेस मरतो. तिथे वास धरून ठेवण्याचं काम काही प्रमाणात अल्कोहोल करतं.

बार्लीचं गोड पाणी साधारण तास-दीड तास उकळतात. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, पण त्यांचा वास वाफेबरोबर जातो. म्हणून वासाचे हॉप्स आणि कुटलेले धने शेवटच्या पाच-दहा मिनिटांत पडतात. काही जण मसाला आंबवून झाल्यावर थेट टाकीत सोडतात.

प्रमाण ऐकलं तर आश्चर्य वाटेल. धने साधारणपणे लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतात. पाचशे लिटरच्या टाकीला पाव ते अर्धा किलो! तुमच्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात फार तर अर्धा ग्रॅम धने आले. आमटीच्या एका वाटीत यापेक्षा जास्त धनेपूड जात असेल.

मग बिघडतं कुठे?

चवीच्या बाजूनं माझी तक्रार एवढीच आहे, की बऱ्याचदा मसाला हा बिअरचा भाग म्हणून येत नाही, मेन्यूवरची ओळ म्हणून येतो. ‘देशी ट्विस्ट’ लिहायचा असतो, म्हणून चार नावं जोडली जातात. चार मसाले एका ग्लासात घातले की एकही ओळखू येत नाही आणि त्यामागे कच्च्या बिअरचे दोष सहज लपतात.

चांगल्या मसाला-बिअरची माझी कसोटी साधी आहे. मसाल्याचं नाव न सांगता ग्लास पुढे ठेवला, तर पिणारा आधी ‘बिअर छान आहे’ म्हणाला पाहिजे आणि मग ‘यात काय आहे?’ असं विचारलं पाहिजे. क्रम उलटा झाला तर काहीतरी चुकलं.

हे जमलं तर आपल्याकडे करण्यासारखं खूप आहे. हॉप्स आपल्याकडे फारसे पिकत नाहीत. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात लागवड आहे, पण क्राफ्टवाल्यांची भिस्त मुख्यतः आयातीवर. धने मात्र मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरातमध्ये भरपूर पिकतात. कोकण-गोव्याचं तिरफळ घ्या. बांगड्याच्या तिखल्यात घातलेलं तिरफळ जिभेला हलकी मुंगी आणतं आणि त्याला लिंबाच्या सालीसारखा वास असतो. पेल एलच्या शेवटी तो वास किती शोभेल! कोकमाचा आंबटपणा तर बिअरसाठीच असल्यासारखा आहे. आपल्या चवीची बिअर व्हायला हवी, या मताचा मी आहे.

पण हे सगळं चवीचं झालं. खरी गडबड आहे ती ‘हर्बल’ या शब्दात.

‘हर्बल’मध्ये औषध किती, दारू किती?

‘आलं, गवती चहा, धने’ हे तीन शब्द मराठी माणसाला सर्दी, पावसाळा आणि आईची आठवण करून देतात. सर्दी झाली की काढा, पोट बिघडलं की आलं-लिंबू, उन्हाळी लागली की धन्याचं पाणी. ही नावं दिसली की आपण आधीच निम्मे निर्धास्त होतो. मामांचं तेच झालं.

आता टिश्यूपेपरवरचं गणित करू. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. आदल्या दिवशी दुपारी करायला हवं होतं.

- ग्लास ५०० मिलिलिटर, अल्कोहोल ५ टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल २५ मिलिलिटर.
- अल्कोहोलची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.७९. म्हणजे वजन साधारण २० ग्रॅम.
- व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग, ४२.८ टक्क्यांचा. त्यात अल्कोहोल सुमारे १० ग्रॅम.

उत्तर : एक मोठा ग्लास बरोबर दोन छोटे पेग.

दोन वर्षं व्हिस्कीला हात न लावलेल्या माणसानं दुपारी, जवळजवळ रिकाम्या पोटी, दोन पेग घेतले होते. कुणी त्यांच्यापुढे व्हिस्कीचे दोन पेग ठेवले असते तर त्यांनी ते सरळ मागे ढकलले असते. धन्यांचं नाव होतं म्हणून ढकलले नाहीत.

आणि औषधाची बाजू? जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम धने आणि थोडं आलं. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो हे खरं, पण तो आल्याचा. वीस ग्रॅम अल्कोहोलच्या सोबतीला आलेलं चिमूटभर आलं अल्कोहोलचा परिणाम पुसत नाही. उलट अल्कोहोल पोटाच्या अस्तराला त्रासदायक असतं. त्यामुळे ‘पचनाला हलकी’ ही ओळ उलटीच म्हणायला हवी.

मधुमेहाच्या बाबतीत धोका आणखी फसवा आहे. बिअरमधल्या कर्बोदकांमुळे साखर आधी वाढू शकते. पण नंतर, यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलेलं असताना त्याचं रक्तात साखर सोडण्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्यामुळे काही तासांनी, अगदी झोपेतही, खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणं. ‘जरा चढली असेल’ म्हणून ती सहज दुर्लक्षित होतात. त्या रात्री मीही आधी तेच म्हणालो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं, की आरोग्याच्या दृष्टीनं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण ‘सुरक्षित’ म्हणता येत नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोलयुक्त पेयं १९८८पासून कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. या यादीत क्राफ्ट, हर्बल किंवा देशी अशी वेगळी सवलत नाही.

नियम काय सांगतात?

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे, म्हणजे ‘एफएसएसएआय’चे, अल्कोहोलयुक्त पेयांसाठीचे नियम २०१८मध्ये आले आणि १ एप्रिल २०१९पासून लागू झाले. त्यातले तीन मुद्दे आपल्या कामाचे.

पहिला : अल्कोहोलचं प्रमाण लेबलवर टक्क्यांत लिहायचं. दुसरा : दारू आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, हा इशारा छापायचा. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्यविषयक दावा करायचा नाही.

पण हे नियम बाटली आणि कॅनच्या लेबलवर दिसतात. टॅपमधून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला लेबल कुठे असतं? तिथे लेबल म्हणजे खडूचा फळा, मेन्यूकार्ड आणि इन्स्टाग्रामची पोस्ट. मी बसलो होतो त्या फळ्यावर मसाल्यांची नावं मोठ्या अक्षरांत होती, ‘पचनाला हलकी’ही होतं. टक्केवारी मात्र नव्हती. विचारल्यावर वेटरनं आत जाऊन विचारून सांगितली.

माझ्या मते टॅपरूमच्या फळ्यालाही लेबलचाच न्याय लावायला हवा. बाटलीवर जे लिहायला बंदी आहे ते फळ्यावर लिहायला मोकळीक कशासाठी?

चव घ्यायची तर कशी?

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे, जे औषधं घेतात, ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी पुढचं काहीच नाही. जे पीत नाहीत त्यांनी चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करावी असंही काही नाही. गवती चहाचा चहा उत्तम लागतो. बाकीच्यांसाठी :

- आधी टक्केवारी विचारा. नाव, मसाला, गोष्ट सगळं नंतर.
- मोठा ग्लास मागवण्याआधी चवीपुरता छोटा ग्लास मागा. मसाला-बिअरची मजा पहिल्या दहा घोटांत असते.
- रिकाम्या पोटी नको. शेंगदाणे हे जेवण नव्हे.
- आधी वास घ्या, मग घोट. बर्फासारखी थंड असेल तर पाच-सात मिनिटं थांबा. थंडीत जीभ आणि नाक दोन्ही बधिर होतात.
- पहिला आणि शेवटचा घोट यांची तुलना करा. शेवटी मसाला डोक्यात जात असेल तर प्रमाण चुकलं आहे. तसं काउंटरवर सांगा. छोट्या ब्रुअरीत बनवणारा माणूस बहुधा तिथेच असतो आणि पुढच्या टाकीत बदल करू शकतो.
- गाडीची चावी घरी ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ती गाठायला कुणाकुणाला एक मोठा ग्लास पुरतो. मोटार वाहन कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. आलं-गवती चहाचा वास ब्रेथ अॅनालायझरला फसवत नाही.

मग माझं म्हणणं काय?

दोन टोकं मला मान्य नाहीत. ‘बिअरमध्ये मसाला म्हणजे बाटवाबाटवी’ हे एक. त्याला इतिहास नाही आणि रसायनशास्त्रही नाही. ‘मसाला आहे म्हणजे बाधत नाही’ हे दुसरं. त्याला तर कशाचाच आधार नाही. पहिल्या समजुतीनं फार तर एक चांगली चव हुकते. दुसरीनं माणूस रात्री दीड वाजता घामाघूम होतो.

बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : धने घाला, तिरफळ घाला, कोकम घाला, अभिमानानं सांगा. फक्त मसाल्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत टक्केवारी लिहा आणि ‘हर्बल’, ‘पचन’, ‘हलकी’ हे शब्द पुसून टाका. बिअर चांगली असेल तर तिला काढ्याचं सोंग घ्यावं लागत नाही.

मामा मंगळवारी मिरजेला परतले. निघताना म्हणाले, ‘‘चव मात्र झकास होती रे.’’ मी म्हटलं, ‘‘होती मामा. पण ते दोन पेग होते.’’ ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘हे तिथं फळ्यावर लिहायला काय होतं त्यांना?’’